खोलीला हवामान नसतं

४ मार्च

प्रिय मावशी,

नमस्कार. तुझ्या डोंगरावर पत्र पोचायला आठवडा लागतो हे माहीत असूनही लिहिते आहे, कारण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. निवृत्त होऊनही वेधशाळेचं आवार न सोडणारी बाई माझं काय ऐकणार! पण पत्राला तोंड नसतं, मधे बोलता येत नाही. ते तुला वाचावंच लागेल.

आमच्या संस्थेचा वार्षिक अहवाल मे महिन्यात छापायला जातो. शहराचं हवामान, सगळं एका पुस्तकात. त्यात यंदा एक धडा मी लिहिला आणि आमच्या संचालकांनी तो काल माझ्या टेबलावर परत आणून ठेवला. आम्ही त्यांना पाठीमागे थंडोबा म्हणतो, कारण त्यांच्या खोलीत बारा महिने स्वेटर घालून जावं लागतं. म्हणाले, "धडा छान आहे. पण हा आपला विषय नाही. खोलीला हवामान नसतं."

आमच्याकडचा नियम तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगते, कारण माझा राग तिथूनच सुरू होतो. संस्थेच्या हिरवळीवर फटींची पांढरी पेटी आहे. तीत दोन तापमापक, एक कोरडा, एक ओली चिंधी गुंडाळलेला. चिंधीतलं पाणी हवेत उडालं तर तो थंड राहतो, हवाच ओलीचिंब असेल तर चढतो. माणसाच्या घामाचंही तेच. म्हणून ओला पारा अठ्ठावीसवर गेला की शहरात दुपारची उघड्यावरची कामं थांबतात. माळी सावलीला बसतो, गवंडी बसतो, रस्ता खणणारे बसतात. नियम चांगला आहे, माझी तक्रार नाही.

पण मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात धुलाईघर आहे. खिडकी नाही. उकळत्या पाण्याचे पिंप, चादरी दाबणारा गरम रोलर, वाफेच्या इस्त्र्या आणि तीसेक बाया. मी जानेवारीपासून तिथे तापमापकांची तशीच जोडी टांगली आहे. ओला पारा दुपारी तेहतीसवर जातो, मावशी. तेहतीस! आणि त्यांना सुट्टी नाही, कारण हिरवळीवर अजून मस्त वारा आहे.

तू या शास्त्रात जन्म घालवलास. तूच सांग, खोलीला हवामान असतं की नसतं?

तुझी,
भाची

१६ मार्च

चि. हट्टी मुलीस,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्यामागून एक धपाटा.

तुझ्या थंडोबाशी माझं आयुष्यात कधी पटलं नाही. तो माझा विद्यार्थी होता तेव्हाही वर्गात पंख्याखालची जागा पकडून बसायचा. पण या वेळी तो बरोबर आहे, आणि हे लिहिताना माझ्या हाताला मुंग्या येताहेत.

आपण उघड्यावर का मोजतो? हौस म्हणून नाही. भिंतीची धग, चुलीची धग, माणसांचा श्वास, हे सगळं टाळून जे उरतं तेच दुसऱ्या गावाच्या आकड्याशेजारी ठेवता येतं. माझ्या गुरूंनी मोजलेला उन्हाळा आणि तू मोजलेला उन्हाळा एका रेषेत बसतो तो त्यामुळे. प्रत्येकानं आपापल्या चुलीशेजारी तापमापक टांगला असता तर शास्त्राच्या जागी शेजारणींची भांडणं जमा झाली असती.

या शास्त्राला फांद्या काय कमी आहेत? एक जण तळ्याचा गाळ उपसून हजारो वर्षांपूर्वीचा पाऊस शोधतो. एक जण संगणकात पन्नास वर्षांनंतरचा. एक नुसता वाऱ्यांच्या मागे असतो, एक शेताच्या बांधावर. एक जण तर माणसाच्या नाडीवर हात ठेवून बसतो आणि त्यालाही हवामानशास्त्र म्हणतो. आता तू त्यात इस्त्री-शाखा काढ. पहिली विद्यार्थिनी म्हणून मीच नाव घालते, माझे झगे नेहमी चुरगळलेले असतात.

एक विचारते. चिंधी स्वच्छ असते ना? वाफेत आणि साबणात मळली तर पारा खोटं बोलतो. तेहतीस आकडा मला जरा जास्तच वाटतो.

घरी सगळे बरे आहेत ना? सगळे म्हणजे सगळे.

तुझी मावशी

३० मार्च

मावशी,

या पत्राला आशीर्वाद नकोत, उत्तर हवं.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात अहवालाच्या समितीत धड्यावर चर्चा झाली. थंडोबांनी काय केलं असेल? तुझं विद्यार्थ्यांसाठीचं जुनं पुस्तक उघडलं आणि पहिल्याच पानावरचं वाक्य खणखणीत आवाजात वाचलं, "हवामान उघड्यावर मोजावे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता तुम्हाला घरातूनच उत्तर मिळालं." सगळे हसले. मीही हसले, न हसून करते काय.

पण रात्रभर तेच डोक्यात होतं आणि सकाळी मला आठवलं, की लग्न मोडून, घरच्यांना रडवून, तरुणपणी तीन वर्षं तू कुठे बसली होतीस? गुहेत! छतातून पडणारे थेंब मोजत होतीस. गुहेतली हवा, गुहेतली ओल, गुहेतला ऋतू. त्यावर तुझा प्रबंध आहे आणि त्याचं नाव आहे 'गुहेचे हवामान'. मग गुहा म्हणजे खोली नाही तर काय? दाराला कडी नाही म्हणून ती उघड्यावर? शेतीवाले पिकाच्या पानांमध्ये तापमापक खोचतात, जंगलवाले झाडाच्या ढोलीत. पानाला हवामान आहे, ढोलीला आहे, वटवाघळांना आहे. बायांना तेवढं नाही!

तू म्हणतेस ते खरं आहे, हिरवळीवरचा आकडा गावागावांची तुलना करायला हवाच. त्याला मी हात लावत नाही. पण तुलनेसाठी केलेली पट्टी कुणी कामाला बसायचं आणि कुणी उठायचं हे ठरवायला वापरली, तर मी गप्प बसणार नाही. संपूर्ण शहराची सरासरी काढा नाहीतर काही करा, सरासरीत कुणी राहत नाही.

चिंधीची काळजी करू नकोस. धुलाईघरातल्याच एक बाई रोज सकाळी नवी चिंधी बसवतात, मला आठवड्यातून एकदाच जायला मिळतं. आणि काय टापटीप! दुधासारखी पांढरी, जणू आत्ताच घडी मोडली आहे. तुझ्या वेधशाळेत असली चिंधी कधी दिसली नसेल.

भाची

९ एप्रिल

अगं बाई,

गुहेचं उत्तर मागून देते. गुहेत तू मला पकडलंस, कबूल. एवढी वर्षं कुणी पकडलं नव्हतं आणि मला फार बरं वाटलं.

पण आधी चिंधी. ओल्या चिंधीची घडी कशी मोडेल? ती मऊ, लोळागोळा, पाणी पिऊन मिटलेली असायला हवी. घडी दिसते म्हणजे कापड ताठ आहे. ताठ आहे म्हणजे त्याला खळ घातली आहे. खळीनं कापडाची भोकं बुजतात, तिचं टोक बुडतं त्या वाटीतलं पाणी वर चढत नाही, चिंधी अर्धी कोरडी राहते आणि पारा आहे त्याहून वर दिसतो. तुझा तेहतीस खोटा आहे. उद्याच्या उद्या जाऊन बोटांनी चाचपून बघ.

आणि दुसरं. नुसत्या हात पुसायच्या फडक्यालाही खळ घालून कडक इस्त्री करणारी बाई मी जगात एकच पाहिली आहे. लहानपणी तिनं माझ्या बाहुलीच्या झग्याला इतकी खळ घातली होती, की बाहुली बसेना.

ती तिथे काय करते आहे? तू माझ्यापासून काय लपवते आहेस?

मावशी

१९ एप्रिल

मावशी,

तुझं दोन्ही खरं निघालं.

चिंधी पुठ्ठ्यासारखी होती. मी विचारलं तेव्हा आई अभिमानानं म्हणाली, "तुझं यंत्र आहे म्हटल्यावर चार बायांत मळकं दिसायला नको. रोज वेगळी खळ करते त्याच्यासाठी, पातळ." मला हसावं की रडावं कळेना. जानेवारीपासूनची सगळी मेहनत आईच्या मायेनं कडक इस्त्री करून ठेवली होती. मी तिला समजावलं तशी ती एका पिंपावर बसली आणि कितीतरी वेळ हातातली चिंधी चुरत राहिली.

हो, आई तिथे काम करते. बाबा गेल्यापासून. तू विचारायचीस "सगळे बरे ना" आणि मी लिहायची "बरे". तुमचं दोघींचं बोलणं बंद आहे. त्या भांडणात मला माझा धडा ओढायचा नव्हता. आजोबा अंथरुणाला खिळलेले असताना तू डोंगरावरची नोकरी धरलीस आणि जाताना म्हणालीस, "मी आभाळ बघते, तू घर बघ." ते वाक्य आई अजून विसरलेली नाही. तुझं नाव निघालं की ती भांडी जरा जोरात घासते, एवढंच.

आणि आता सगळंच सांगते. गेल्या उन्हाळ्यात आई रोलरपाशी चक्कर येऊन पडली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मुकादम म्हणाला, वयामुळे होतं. त्या दुपारी हिरवळीवर सगळं ठीक होतं, मी स्वतः आकडा लिहून घेतला होता. माझ्या हातानं लिहिला, मावशी, 'काम सुरू ठेवण्यास हरकत नाही'. आणि तिकडे ती पडली होती. धडा मी तेव्हाच मनात लिहायला घेतला.

समितीची शेवटची बैठक पाच मेला आहे. खळीचं तुला, मला आणि आईला सोडून कुणाला माहीत नाही. सांगितलं तर थंडोबा धडा तिथेच फाडतील. नाही सांगितलं तर निदान चर्चा होईल. आठवड्याच्या एकेका फेरीत खरा आकडा तोवर पक्का होणार नाही. मी काय करू?

भाची

२७ एप्रिल

माझ्या पोरी,

हे पत्र खाली उतरणाऱ्या दूधवाल्याबरोबर पाठवते आहे, म्हणजे वेळेत मिळेल.

सांग. सगळ्यांच्या आधी उभी राहा आणि मोठ्यानं सांग, माझा आकडा चुकला, चिंधीला खळ होती. त्यांना शोधायची संधी देऊ नकोस. खोट्या आकड्यावर उभी राहिलीस, तर उद्या तुझ्या खऱ्या आकड्यालाही कुणी विचारणार नाही, आणि मग त्या तळघरातल्या बायांना पुढची कित्येक वर्षं कुणी विचारणार नाही. फाडू देत धडा. कागद आहे तो.

मग खाली मान घालून बसू नकोस. लगेच म्हण, आता पुन्हा मोजा. यंत्र तुमचं, चिंधी तुमची, माणूस तुमचा. माझी फक्त खोली. बघू कोण नाही म्हणतो ते.

आणि माझं वाक्य त्यानं तुझ्यावर फेकलं ना? मग लेखिकेचं म्हणणंही वाचून दाखव. हे घे. "ते वाक्य मी गावाची गावाशी तुलना करण्यासाठी लिहिलं. एका बाईनं गरम रोलरपाशी किती वेळ उभं राहावं हे ठरवण्यासाठी नाही. त्यासाठी ती उभी आहे तिथेच मोजावं लागतं. ज्याला हे पटत नाही त्यानं आपली खुर्ची तिथे नेऊन बसावं." खाली माझी सही आहे. मला टेकू म्हणून वापरू नकोस, फक्त माझ्या नावाची टोपी त्यानं घातली आहे ती काढून घे.

दूधवाल्याकडे एक डबा दिला आहे. त्यात माझी तापमापकांची जोडी आहे, तीच गुहेतली. मऊ चिंध्यांची गुंडाळी आहे, धुऊन धुऊन विरलेली, माझ्याच जुन्या झग्याची. कुठे टांगायची ते तुम्ही ठरवा.

हाताचं मला एका वर्षानं कळतं! तुझ्यावर रागावू की स्वतःवर, ठरत नाही, म्हणून दोघींवर रागावले आहे. ताईला विचार, मूठ नीट वळते का? माझं नाव सांगून विचार. भांडी आपटली तर आपटू दे.

मावशी

२२ मे

प्रिय मावशी,

उशीर झाला. काय काय झालं ते क्रमानं सांगते.

मी उभी राहिले आणि सांगितलं. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळी समिती हसत सुटली. खळ! इस्त्री! थंडोबांनी डोळे पुसले. म्हणाले, "बघा, म्हणून आपण उघड्यावर मोजतो. हिरवळीला कुणी इस्त्री करत नाही." माझे कान पेटले होते. पण हसू ओसरेपर्यंत मी उभीच राहिले, आणि मग तुझं वाक्य वाचलं. खुर्चीचा भाग आला तेव्हा हसणं थांबलं. त्यानंतर मी म्हटलं, यंत्र तुमचं, चिंधी तुमची, माणूस तुमचा.

नाही म्हणता आलं नाही त्यांना. संस्थेचा एक सहायक आठवडाभर धुलाईघरात बसला. शांत, सरळ माणूस. दुसऱ्या दिवशी त्यानं टाय काढला, तिसऱ्या दिवशी बूट. आईनं त्याच्या चिंधीला हातसुद्धा लावला नाही, दोन हात लांबून जायची. आकडा आला एकतीस. माझ्याहून दोन अंश कमी, मी चुकले होते ते खरंच. पण ज्यावर माळ्याला सावलीत बसवतात त्याच्या तीन अंश वर. रोज. सहायकानं सही करून कागद दिला.

थंडोबांनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "आकडा बरोबर आहे. पण हे हवामान नाही, ही खोली आहे. रुग्णालयाला कळवू सवडीनं." अहवाल माझ्या धड्याशिवाय छापायला गेला. त्यावर माझी सही हवी होती. मी केली नाही. त्यांनी विचारलं, का? मी म्हटलं, "शहराचं हवामान असं नाव आहे आणि त्यातून शहरातली माणसं गाळली आहेत." आता माझी बदली जुन्या यंत्रांच्या कोठीत झाली आहे. तिथे धूळ आहे, मोडके पर्जन्यमापक आहेत आणि बघायला कुणी येत नाही. माझ्या धड्याच्या प्रती काढायला एकदम सोयीची जागा! सहायकाचा कागद पहिल्या पानावर लावला आहे. रुग्णालयाच्या प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर एक एक प्रत ठेवून आले. बघू, किती जणांना सवड आहे.

तुझा डबा आईला दिला. तिनं उघडला, गुहेतले तापमापक उलटसुलट पाहिले, आणि त्या विरलेल्या चिंध्या हातात घेऊन म्हणाली, "किती मळवलंय हे!" मूठ वळते का ते मी तुझं नाव सांगून विचारलं. तिनं भांडी आपटली नाहीत. तिनं मला पोस्टाचं पाकीट कुठे मिळतं ते विचारलं.

तुझी,
कोठीतली भाची

९ जून

धाकटे,

मूठ वळते. पूर्ण नाही, पण इस्त्रीचा मुठा धरण्यापुरती वळते. आता तू विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर मी कुणाला सांगत बसत नाही.

लिहायची सवय नाही, चुकलं तर हसू नको. तुम्ही मायलेकींसारख्या एकमेकींना पत्रं लिहिता आणि मला खबर नाही. माझ्या खळीवर मोठमोठी माणसं हसली म्हणे. हसू देत. पण मी पोरीचं काम बिघडवलं हे मला फार लागलं. चार दिवस जेवण गेलं नाही. तिनं एका शब्दानं दोष दिला नाही, उलट भर सभेत उभी राहिली. ही तुझ्यावर गेली आहे. आधी मला त्याचा राग यायचा.

तुझी जोडी आम्ही रोलरसमोरच्या खांबावर टांगली. भिंतीवर नाही, भिंत गरम असते असं पोरगी म्हणाली. वर पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, अठ्ठावीस. सगळ्या बायांना वाचता येतं ते. मुकादमानं विचारलं हे काय. मी म्हटलं हवामान. तो म्हणाला खोलीत कसलं हवामान!

आम्ही अशी सोय केली. पहाटे लवकर यायचं, गारव्यात शस्त्रक्रियेच्या चादरी आणि गाऊन आधी काढायचे आणि वर पोचवायचे. आजाऱ्याची चादर अडवायची नाही, हे मी पहिल्या दिवशी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. मग दुपारी पारा वर गेला की हातातली इस्त्री उभी करायची आणि जिन्यात जाऊन बसायचं. तिथे वारा येतो. खाली आला की परत कामाला.

काल पहिल्यांदा बसलो. तीस जणी एकदम. रोलर बंद केल्यावर इतकं शांत झालं की वरच्या मजल्यावरच्या चपला ऐकू आल्या. मुकादम ओरडला, पगार कापीन म्हणाला, नावं लिहून घेतो म्हणाला. मी म्हटलं, घे, माझं पहिलं घे, आणि आकडाही घे शेजारी. मग मोठे डॉक्टर उतरले. हातात पोरीचे ते कागद होते. आत गेले, खांबापाशी उभे राहिले, चष्मा पुसला, परत बघितलं, परत पुसला. तेवढ्यात त्यांचा सदरा पाठीला चिकटला. बाहेर येऊन आमच्याबरोबर जिन्याच्या पायरीवर टेकले आणि मुकादमाला म्हणाले, नावं कशाला लिहितोस, पंखे लिही. मिळतील तेव्हा खरं. मी इतक्यात हुरळून जाणारी नाही. आज पुन्हा पारा गेला, आज पुन्हा बसलो. उद्याही बसू. मुकादम पंख्यांच्या कागदावर सही करेपर्यंत बसू, आणि मग पंखे येईपर्यंत बसू.

तू म्हणाली होतीस, मी आभाळ बघते, तू घर बघ. अजून आठवतं मला. घर बघितलं मी, धाकटे. बाबांचं शेवटपर्यंत केलं, पोरगी शिकवली. पण एकटीनं बघितलं. ते तुला सांगायचं राहिलं होतं, ते आज सांगितलं. आता मनात काही नाही.

तुझ्या त्या मळक्या चिंध्या मी साबणानं धुतल्या, तीनदा साध्या पाण्यातून काढल्या आणि सावलीत वाळवल्या. पोरीनं बोटांनी चाचपून बघितल्या, बरोबर आहेत म्हणाली. खळ घातलेली नाही. विश्वास नसेल तर येऊन बघ.

तुझी ताई